'व्यसन' या शब्दाचा विसरलेला अर्थ



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजते, त्यांना प्रथम वंदन करतो. या व्यासपीठावरून यापूर्वी संतवाङ्मयावर, मराठवाड्याच्या इतिहासावर आणि शिक्षणावर विद्वानांनी विचार मांडले आहेत. मला निमंत्रण आले तेव्हा संयोजकांची अपेक्षाही तशाच एखाद्या विषयाची असावी. मी 'अमली पदार्थ आणि आपण' हा विषय सुचवला, तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अत्यंत सौजन्याने विचारणा झाली, "सर, या विषयाला एखादे डॉक्टर बोलावले तर?"

प्रश्न रास्त होता. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे? माझे उत्तर एवढेच आहे की, रुग्ण डॉक्टरांच्या दारात पोहोचण्यापूर्वी जे घडते, किंवा घडत नाही, ते पुष्कळसे भाषेत घडते. घरातल्या त्या गोष्टीला कोणते नाव द्यायचे, पाहुण्यांसमोर कोणता शब्द गिळायचा, शेजाऱ्यांना काय सांगायचे, यात महिने आणि वर्षे निघून जातात. तेव्हा शब्दांपासून आरंभ करण्याचा माझा हक्क आपण मान्य करावा.

'व्यसन' हा शब्द 'वि' उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे या धातूपासून बनला आहे. माणसाला त्याच्या जागेवरून दूर भिरकावून देते ते व्यसन. संस्कृतात या शब्दाचा एक ठळक अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण सबंध व्यसनांसाठी दिलेले आहे आणि त्यात राजावर, अमात्यांवर, कोशावर, सैन्यावर येणाऱ्या आपत्तींचा विचार आहे. मृगया, द्यूत आणि मद्यपान यांची चर्चा त्याच अधिकरणात येते. आणि त्याला लागूनच अग्नी, महापूर, रोगराई, दुष्काळ यांचीही येते. मद्य आणि महापूर यांचा विचार एकाच छताखाली करणे त्या ग्रंथकाराला मुळीच विचित्र वाटले नाही. मराठीत येता येता या शब्दाचा पहिला अर्थ गळून पडला आणि दुसरा, दुर्गुणाचा, तेवढा शिल्लक राहिला.

याचा परिणाम आपल्या व्याकरणातही दिसतो. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला तेव्हा या शहरातील मराठी घरांतून 'भूकंपग्रस्तां'साठी कपडे आणि धान्य गेले. १९०८ च्या मुसीच्या पुरात सापडले ते 'पूरग्रस्त'. दारूच्या किंवा गोळ्यांच्या तडाख्यात सापडला तो मात्र नुसता 'व्यसनी'. 'व्यसनग्रस्त' हा शब्द अलीकडे वृत्तपत्रांतून दिसतो, पण घरात कोणी तो वापरत नाही. घरातला शब्द 'दारुडा', 'गंजेडी' हाच. ज्याच्यावर घाला पडला तो ग्रस्त आणि ज्याने स्वतःवर घाला ओढवून घेतला तो दोषी, असा हा सरळ हिशेब. हा हिशेब कितपत खरा आहे, ते पुढे पाहू.

दुसरा शब्द 'अंमल'. तो अरबीतून फारसीमार्फत आपल्याकडे आला. आपण 'निजामाच्या अंमलात' म्हणतो आणि 'दारूच्या अंमलाखाली' असेही म्हणतो. राज्य करणे आणि नशा चढणे यांसाठी एकच शब्द! 'अमली पदार्थ' म्हणजे जो पदार्थ माणसावर आपली सत्ता बसवतो तो. वैद्यकशास्त्राने विसाव्या शतकात मेंदूच्या पेशी तपासून जे सांगितले, त्याची चाहूल ज्या कोणी हा शब्दप्रयोग पहिल्यांदा केला त्याला लागली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता आपल्या शहराकडे वळतो. आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेली नशा म्हणजे ताडी. दख्खनी बोलीतली सेंधी आणि तेलुगूतले 'कल्लू'. दिवसभर राबून आलेले स्त्रीपुरुष संध्याकाळी 'कल्लू कंपाउंड'च्या आवारात बसलेले दिसत. पहाटे झाडावरून उतरलेला रस गोड असतो. ऊन चढते तसा तो आंबतो आणि सायंकाळपर्यंत त्याला सौम्य मद्याचे रूप येते. या झाडांवर आणि भट्ट्यांवर बसवलेली आबकारी हे निजामाच्या खजिन्याचे एक प्रमुख उत्पन्न होते. राज्ये बदलली, पण खजिन्याची ही सवय सुटली नाही. १९९२ मध्ये नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा या खेड्यातून स्त्रियांनी अरक विरोधी आंदोलन उभे केले, १९९३ मध्ये आंध्र प्रदेशात अरक बंद झाली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती बहुतांशी मागेही घेतली गेली. सरकारलाही दारू सोडवत नाही, असे कोणी म्हटले तर मला त्याचा प्रतिवाद करता येणार नाही.

परंतु माझा आजचा रोख दारूवर नाही, ताडीत जे मिसळले गेले त्यावर आहे. शहर वाढले, माड-शिंदीची झाडे कमी झाली, पिणारे मात्र वाढले. मग पाण्यात थोडी ताडी, गोडीसाठी सॅकरिन आणि गुंगीसाठी क्लोरल हायड्रेट असा प्रकार सुरू झाला. क्लोरल हायड्रेट हे एकोणिसाव्या शतकातले झोपेचे औषध. त्याच्या जोडीला पुढे डायझेपाम आले आणि नंतर अल्प्राझोलम. ही दोन्ही औषधे चिंता आणि निद्रानाश यांवर डॉक्टर योग्य मात्रेत देतात. हैदराबाद हे देशातील मूळ औषधनिर्मितीचे एक फार मोठे केंद्र आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आय. डी. पी. एल. या सरकारी कंपनीच्या येथील कारखान्याने रसायनशास्त्राचे जाणकार घडवले, त्यांतून शेकडो उद्योग उभे राहिले आणि त्याचा आपल्याला अभिमानच वाटला पाहिजे. पण तेच ज्ञान आणि तशीच यंत्रे बंद पडलेल्या शेडमध्ये चोरून अल्प्राझोलम बनवण्यासाठीही वापरली गेली. पिणारा समजतो की, आपण ताडी पितो. प्रत्यक्षात तो रोज, मात्रा न मोजता, एक प्रबळ औषध घेत असतो. त्याला ताडीचे व्यसन नाहीच, अल्प्राझोलमचे आहे. आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नाही!

हे किती गंभीर आहे याचा दाखला २०१५ साली मिळाला. शहरातील मध्यंतरी बंद असलेली ताडीची दुकाने २०१४ मध्ये पुन्हा उघडली होती. दुसऱ्या वर्षी शासनाने भेसळीविरुद्ध मोहीम काढली. हेतू उत्तम होता. रसायने मिळेनाशी झाली, ताडीतली गुंगी उतरली आणि काही दिवसांतच निजामाबाद, मेदक, महबूबनगर या जिल्ह्यांतून आणि हैदराबादेतून माणसे रुग्णालयांत येऊ लागली. हातपाय थरथरणे, झोप नाही, भास होणे, असंबद्ध बडबड, आकडी. त्यांत मजूर होते, स्त्रिया होत्या, वृद्धही होते. काहींचे प्राण गेले. एर्रागड्ड्याच्या मनोरुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या.

पाच वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, महामारीमुळे टाळेबंदी झाली आणि मद्याची दुकाने एकाएकी बंद पडली. एर्रागड्ड्याच्या बाह्यरुग्ण विभागात पुन्हा तीच गर्दी, तीच लक्षणे. केरळात तर पिण्यास न मिळाल्याने आत्महत्या होऊ लागल्या, तेव्हा तेथील शासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. हा वाद वैद्यकीय नीतीचा आहे, मी त्यात पडत नाही. आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या जुलैमध्ये, कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन माणसे दगावली. कित्येकांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याने त्यांना निम्स रुग्णालयात हलवावे लागले. तपासणीत पुन्हा अल्प्राझोलमच निघाले.

२०१५ आणि २०२० या दोन घटना मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवतो. सुधारक मंडळी म्हणतात, "मनात आणले तर माणूस एका दिवसात सोडू शकतो." या दोन्ही प्रसंगी हजारो माणसांना एका दिवसात सोडावे लागले. त्यांनी मनात आणले होते की नाही, हा प्रश्नच नव्हता. पुरवठाच थांबला होता. आणि काय झाले ते आपण पाहिले. शरीराने बंड केले. मद्य काय किंवा अल्प्राझोलम काय, हे पदार्थ मेंदूची खळबळ शांत करणाऱ्या यंत्रणेला बळ देतात. महिनोन्महिने हे बाहेरचे बळ मिळाले की मेंदू आपले स्वतःचे बळ कमी करून त्या पदार्थावर विसंबतो. मग पदार्थ काढून घेतला की उरते ती नुसती खळबळ. मद्य सोडल्यानंतर साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो उन्माद काही रुग्णांना होतो, तो वेळीच उपचार न मिळाल्यास जीवघेणा ठरतो. अफू आणि तिच्यापासून झालेले हेरॉइन, म्हणजे आपल्याकडचे 'गर्द', यांचा मार्ग वेगळा आहे. तेथे सोडताना वेदना असह्य असतात. मृत्यू मात्र बहुधा सोडताना येत नाही, तो जास्त मात्रेने श्वास मंदावल्यामुळे येतो. काही दिवस सोडून पुन्हा जुन्याच मात्रेने घेणाऱ्याला हा धोका सर्वांत मोठा, कारण त्याच्या शरीराची सवय तोवर मोडलेली असते. याच हेरॉइनला १८९८ मध्ये एका जर्मन कंपनीने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो. औषधाच्या दुकानातून आलेली वस्तू निरुपद्रवी असते, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे.

आपल्या मध्यमवर्गीय घरांना ताडीचे कंपाउंड दूरचे वाटते, म्हणून हे सांगतो. ताडीतले तेच अल्प्राझोलम आपल्या घरी चांदीच्या रंगाच्या पट्टीतून येते. परीक्षेच्या काळात झोप येत नाही म्हणून, नोकरी गेली म्हणून, आजीच्या डब्यात सापडली म्हणून. खोकल्याच्या कोडीनयुक्त बाटल्या आहेत, लहान मुलांच्या हाती लागणारे व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात असे दिसले की, हुंगण्याच्या या पदार्थांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आहे. त्याच अहवालातील आणखी एक आकडा मला विसरता येत नाही : मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळालेली असते. उरलेले ३७ जण कुठे असतात? ते आपल्या घरांत असतात.

येथे मला माझ्या विषयाकडे, मराठी वाङ्मयाकडे, वळण्याची मुभा हवी. व्यसनाचा विषय निघाला की मराठी माणसाला राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आठवते. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्याला रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी महाराष्ट्राला रडवले. मी हे नाटक वर्गात अनेक वर्षे शिकवले. विद्यार्थी दरवर्षी तेच उत्तर लिहीत : एका प्याल्याने संसाराचा नाश होतो. परीक्षेपुरते ते पुरेसे होते. पण नाटकात त्याहून बरेच काही आहे.

सुधाकर बुद्धिमान वकील. भर न्यायालयात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि त्या जखमेवर तळीराम प्याला ठेवतो. आरंभ दुःखातून होतो, मौजेतून नव्हे, ही गडकऱ्यांची पहिली जाण. दुसरी जाण मला अधिक महत्त्वाची वाटते. सुधाकर मध्ये दारू सोडतो! खरोखरच सोडतो. काम मागण्यासाठी ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो आणि 'दारुड्या' या शिक्क्यामुळे त्याला कोणी उभे करत नाही. तो परततो तो प्याल्याकडेच. याच नाटकात भगीरथ नावाचा दुसरा एक पिणारा आहे. त्याला रामलाल भेटतो, जवळ करतो, कामाला लावतो. आणि भगीरथ सुटतो. एकाच नाटकात दोन मद्यपी : एक बुडतो, एक तरतो. निश्चय दोघांनीही केला होता. फरक पडला तो निश्चयानंतर कोणते दार उघडे होते यात. शंभर वर्षे आपण सिंधूसाठी डोळे पुसत आलो. सुधाकराला कामावर न घेणाऱ्या त्या सभ्य गृहस्थांकडे आपले लक्ष गेले नाही. जाईल कसे? ते प्रेक्षागृहात आपल्याच खुर्चीवर बसलेले होते.

सिंधूविषयीही एक शब्द बोलतो, आणि तो कित्येकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. मरणाच्या दारात असताना सिंधू पोलिसांपुढे नवऱ्याचा अपराध झाकते. पातिव्रत्याचा परमोच्च क्षण म्हणून आपण तो गौरवतो. गडकऱ्यांच्या काळाच्या चौकटीत तो प्रसंग समजून घ्यावा, हे मला मान्य आहे. पण झाकण्याचा तो संस्कार आपल्या घरांत अजून टिकून आहे आणि त्याने किती सुधाकर घालवले याची मोजदाद कोणी केलेली नाही.

या झाकण्याचे एक उदाहरण सांगतो. नावगाव सांगणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी काचीगुड्याकडील एका मराठी कुटुंबातील बाई माझ्याकडे आल्या. मुलगा माझा विद्यार्थी नव्हता, पण त्याच्या वडिलांना मी शिकवले होते. ते हयात नव्हते. मुलगा अभियांत्रिकीला होता, परीक्षेत बसला नव्हता आणि महाविद्यालयाला देण्यासाठी त्यांना एक पत्र हवे होते : मुलाला कावीळ झाली होती, असे. बोलता बोलता खरी हकिकत बाहेर पडली. झोपेसाठी सुरू केलेल्या गोळ्या दिवसाला सात-आठवर गेल्या होत्या. आईने गोळ्या नाल्यात फेकल्या, मुलाला खोलीत कोंडले आणि कडी लावली. तिसऱ्या दिवशी आतून धप्प असा आवाज आला. त्याला आकडी आली होती, जीभ चावली गेली होती.

मी पत्र लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे रिक्षाने एर्रागड्ड्याला गेलो. या मनोरुग्णालयाचा आपल्याशी एक जुना धागा आहे. निजामाच्या राज्यातील मनोरुग्णालय जालन्याला होते आणि स्वातंत्र्यानंतर ते तेथून येथे आणले गेले. हा इतिहास मी त्या बाईंना सांगत होतो, त्यांचे मन थोडे रमावे म्हणून. त्यांचे लक्ष नव्हते. फाटक जवळ आले तशा त्या म्हणाल्या, "सर, रिक्षा जरा पुढे घ्यायला सांगा. शेजारी छातीचा दवाखाना आहे ना, तिथं उतरू. कोणी भेटलंच तर छाती दाखवायला आलो म्हणून सांगता येईल."

"ताई, क्षयाची लाज नाही वाटत?" मी विचारले.

"क्षय होतो, सर. हे... हे केलेलं असतं."

क्षय होतो आणि हे केलेले असते. त्या माउलीने एका वाक्यात आपल्या सबंध समाजाचे व्याकरण सांगितले. माझ्या लहानपणी क्षयही झाकला जाई, लग्ने मोडत, भांडी वेगळी ठेवत. तोही काहीतरी 'केल्या'चे फळ मानला जाई. औषधे आली, माणसे बरी होताना दिसू लागली, आणि मग क्षय 'होऊ' लागला. तेथील डॉक्टरांनी त्या मुलाला गोळ्या बंद केल्या नाहीत. सावकाश परिणाम करणारे त्याच जातीचे दुसरे औषध देऊन मात्रा काही आठवड्यांत उतरवत नेली. आई चकित झाली : "गोळ्या सोडवायला आणलं, तर हे गोळ्याच देतात!" नंतर तो मुलगा दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी मात्र तो आपणहून गेला आणि आई मनोरुग्णालयाच्याच फाटकाशी उतरली. तो आज नोकरी करतो. पूर्ण बरा झाला का, असे मला विचारतात. मधुमेही माणसाला हा प्रश्न आपण विचारत नाही.

महाराष्ट्रात या कामाचा जो मोठा आदर्श उभा राहिला, त्याची सुरुवातही लेखणीने झाली, हे मला मराठीचा शिक्षक म्हणून नोंदवावेसे वाटते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबई-पुण्यात 'गर्द' पसरले. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये पुढे केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. त्या १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ मध्ये गेले. संस्था चालू आहे. तेथे काय वेगळे झाले? रुग्णाला बंदिस्त कोठडी दिली नाही, दिनक्रम दिला. बरे झालेले लोकच तेथे कार्यकर्ते झाले. काल जो सुधाकर होता तो आज दुसऱ्याचा रामलाल होतो. आणि पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट झाला, जेथे सिंधूला प्रथमच बोलण्याची मुभा मिळाली. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून निघालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चे तत्त्वही हेच आहे : घसरलेल्याला घसरलेल्याच्या सोबतीने सावरता येते.

पोलिसांच्या भीतीनेही पुष्कळ पालक गप्प राहतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा विक्रेत्यांसाठी अत्यंत कठोर आहे आणि सेवन हाही त्यात गुन्हाच आहे. तथापि त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. ज्याच्यावर केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, तो व्यसनाधीन मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्ध्यावर सोडल्यास ते काढूनही घेता येते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्कही दिला आहे. जे कायद्याने मान्य केले ते घराने अजून केलेले नाही. केंद्र शासनाचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो लिहून घ्यायला लाजू नका. आपल्यासाठी नको असेल तर शेजाऱ्यांसाठी म्हणून लिहून घ्या.

शेवटी शाळेविषयी. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जुन्या बोवेनपल्लीत एका खाजगी शाळेच्या इमारतीत अल्प्राझोलम बनवण्याचा चोरटा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. त्याच इमारतीत मुलांचे वर्ग भरत होते. तयार माल ताडीच्या दुकानांकडे जात असल्याचे पोलिसांनी सांगितले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी जेवू शकलो नाही. त्यानंतर सर्वत्र शाळांची तपासणी, दप्तरांची झडती, सापडेल त्याला काढून टाका, अशी भाषा सुरू झाली. कारखाने शोधायलाच हवेत, विकणाऱ्यांना शासन व्हायलाच हवे. पण ज्या मुलाच्या दप्तरात व्हाइटनरने भिजलेला रुमाल सापडतो, त्याला दाखला देऊन घरी पाठवले की शाळेची अब्रू वाचते आणि मुलगा दिवसभर रस्त्यावर मोकळा होतो. सुधाकराची सनद काढून घेण्याचाच तो प्रकार आहे.

म्हणून संस्थेच्या व्यवस्थापनाला या व्यासपीठावरून माझी जाहीर विनंती आहे. आपल्या शाळेत नशेच्या कारणावरून कोणाही विद्यार्थ्याला दाखला देण्यापूर्वी त्याला आणि त्याच्या पालकांना उपचारासाठी नेले जाईल, असा ठराव करावा. सोबत जाण्यासाठी एका शिक्षकाची नेमणूक करावी. दुसरे, ग्रंथालयामागची खोली शनिवारी संध्याकाळी रिकामी असते. ती महिन्यातून दोनदा अशा घरांतील माणसांना एकत्र बसण्यासाठी द्यावी. फलक लावू नये, वही ठेवू नये, नावे विचारू नयेत. माजी विद्यार्थ्यांत मनोविकारतज्ज्ञ आहेत, वकील आहेत, त्यांच्याशी मी बोललो आहे. दोघांनी येण्याचे कबूल केले आहे. त्या खोलीला मागच्या गल्लीतून वेगळे दार आहे, तेव्हा ज्यांना कोणी पाहू नये असे वाटते त्यांचीही सोय होईल. पहिले काही महिने कदाचित कोणीच येणार नाही. तरीही ठरलेल्या वेळी मी तेथे जाऊन बसेन. माझ्याकडे वाचायला पुस्तके पुष्कळ आहेत.